आमचा लॉफ्ट, त्याचा जिना आणि स्वयंपाकघराचं दार

घराची किंमत ठरवायला आलेला बँकेचा सर्व्हेयर आमच्या लंडनच्या घराच्या नव्या लॉफ्टमध्ये, म्हणजे छपराखालच्या पोकळीत केलेल्या खोलीत, जेमतेम चार मिनिटं थांबला. खिडकीतून हॅरो-ऑन-द-हिलच्या चर्चचा सुळका दिसतो, तिकडे त्यानं ढुंकून पाहिलं नाही. बाथरूमच्या टाइल्स निवडायला मी तीन शनिवार घातले होते, त्याही गेल्या पाण्यात. त्यानं लेझर काढला, माझ्या खांद्याहून जरा वर धरला, दोन आकडे टिपले आणि जिना उतरता उतरता विचारलं, "किचनला दार नाहीये का?"

त्या प्रश्नाची किंमत पुढं ३५ हजार पौंड निघाली.

लॉफ्ट करून घ्यायच्या विचारात असलेले ओळखीतले निम्मे लोक मला फोन करतात. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, "घराची किंमत किती वाढली गं?" दर वेळी तेच सांगून कंटाळले, म्हणून एकदाच लिहून टाकते. कंपनीचं नाव घेणार नाही. त्यांच्याशी भांडणही झालं आणि त्यांच्याच एका माणसानं आमचं घर वाचवलंही, त्यामुळे नाव घेऊन शिव्या घालणं मला जड जातं.

घर वायव्य लंडनमधल्या रेनर्स लेनचं. १९३०च्या दशकात मेट्रोपॉलिटन रेल्वेच्या कडेनं जी जोडघरं ओळीनं उभी राहिली, त्यातलंच एक. खाली दोन खोल्या आणि किचन, वर दोन बऱ्या बेडरूम आणि एक बॉक्स रूम. बॉक्स रूम म्हणजे पलंग टाकला की आत माणसानं कडेनं शिरायचं. छताला तीन बाजूंनी उतार, चौथ्या बाजूला शेजाऱ्यांचं घर चिकटलेलं. घराला एक गोष्ट नशिबानं मिळाली. त्या काळातली छपरं जागेवर लाकूड कापून बांधलेली असतात, त्यामुळे आत पोकळी मिळते. साठच्या दशकानंतरच्या पुष्कळ घरांत कारखान्यातून आलेल्या त्रिकोणी ट्रसचं जाळं असतं. ते मोकळं करायचं तर खर्च बराच वाढतो.

गरज साधी होती. सासूबाई दरवर्षी डोंबिवलीहून व्हिसावर सहा महिने येतात. लेक दहावीच्या वयाची झाली होती आणि बॉक्स रूममध्ये मावत नव्हती. चार बेडरूमचं घर याच भागात बघितलं. सव्वासात लाखांच्या आसपासचं एक आवडलंही, पण नवऱ्यानं कागदावर नुसती स्टँप ड्यूटी मांडली. तेव्हाच्या दरानं पहिले अडीच लाख माफ, वरच्या पावणेपाच लाखांवर पाच टक्के, म्हणजे २३,७५० पौंड. त्यावर वकील, एजंट, सामानाचा ट्रक. कागद घडी करून त्यानं फ्रिजवर चुंबकाखाली लावला, आणि विषय संपला. हा आकडा लक्षात ठेवा, शेवटच्या हिशेबात लागेल.

तीन कंपन्यांचे लोक येऊन गेले. आम्ही निवडलेल्या कंपनीचा सेल्समन गुळगुळीत ब्रोशर घेऊन आला. त्यात ठळक अक्षरांत, लॉफ्टमुळे घराची किंमत वीस टक्क्यांहून जास्त वाढू शकते. हा आकडा अगदी हवेतला नाही. नेशनवाइडसारखी कर्ज देणारी संस्थाही डबल बेडरूम आणि बाथरूम असलेल्या लॉफ्टबद्दल साधारण असंच सांगते. फक्त त्यांच्या वाक्यात "पर्यंत" असतं, आणि ब्रोशरमध्ये नेमका तो शब्द बारीक होतो. माझं अर्धं आयुष्य पेरोलच्या हिशेबात गेलंय, मला "पर्यंत" लगेच दिसतो.

त्यानं दोन भाव दिले. ५७ हजारांत मागच्या बाजूला डॉर्मर, म्हणजे छताच्या उतारातून पेटीसारखी बाहेर काढलेली सपाट छताची खोली. बाजूचा उतार आहे तसाच ठेवायचा. ६८ हजारांत त्या उताराच्या जागी सरळ भिंत उचलून घ्यायची आणि मागं डॉर्मर. यालाच इथं हिप-टू-गेबल म्हणतात. दोन्ही भाव व्हॅट धरून. अकरा हजारांचा फरक बघून आम्ही स्वाभाविकच स्वस्ताकडे झुकलो. खोली दोन्हीकडे एकच होणार, मग बाजूच्या भिंतीला एवढे पैसे का?

आमचं घर वाचवलं ते पुढच्या आठवड्यात मापं घ्यायला आलेल्या जिनेवाल्यानं. वय साठीचं, कानामागं पेन्सिल, बोलणं कमी. त्यानं लँडिंगवर टेप सोडली, वर बघितलं आणि स्वस्त नकाशाच्या पाठीमागं चार रेघा मारून दाखवल्या. जिन्यावर डोक्याला दोन मीटर उंची लागते. लॉफ्टला थोडी सूट आहे, मध्यावर १.९ आणि कडेला १.८ चालतं. आमच्या जुन्या जिन्याच्या बरोबर डोक्यावर तो बाजूचा उतार येत होता, म्हणून स्वस्त नकाशातला नवा जिना गपचूप सरकून बॉक्स रूममधून वर जात होता. खोलीचा निम्मा भाग गायब. उरलेल्या तुकड्याला नकाशावर "स्टडी" असं गोड नाव.

म्हणजे तीन अधिक एक वजा एक. ५७ हजार खर्चून घर तीनच बेडरूमचं राहणार होतं, आणि सेल्समननं याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. त्याला माहीत नसेल असं मला वाटत नाही.

भिंत उचलली की जुन्या जिन्याच्या थेट वर नवा जिना बसतो. बॉक्स रूमचा फक्त एक कोपरा गेला, पलंग अजून मावतो. ते वरचे अकरा हजार म्हणजे या सगळ्या प्रकरणातला सर्वांत शहाणा खर्च. त्या जिनेवाल्याचं काम बघत मी एक अख्खी सकाळ चहाचा कप घेऊन उभी होते. वळणावर तीन तिकोनी पायऱ्या आहेत, आतल्या टोकाला निमुळत्या, बाहेर रुंद. त्यानं प्रत्येक पायरीखाली पाचर ठोकली, गोंद लावला, आणि मग मोजे घालून वरखाली सात-आठ वेळा चालला, कुठं करकरतंय का ऐकत. एका पायरीवर थांबला, ती उचकटली, परत बसवली. कठड्याची गोलाई १९३०च्या खालच्या कठड्याशी इतकी जुळवली की नव्या माणसाला जोड कुठं आहे ते शोधावं लागतं. या माणसाला पैकीच्या पैकी.

परवानगीचं फार अवघड गेलं नाही. आपल्याकडे म्युनिसिपालटीच्या खेपा घातलेल्यांना हे ऐकून हेवा वाटेल. इंग्लंडात जोडघराला ५० घनमीटरपर्यंत छत वाढवायला वेगळी प्लॅनिंग परवानगी लागत नाही. ओळीतल्या चाळवजा घराला ही मर्यादा ४० घनमीटर. रस्त्याकडच्या उतारावर डॉर्मर काढायचा नाही, छताची उंची ओलांडायची नाही, कौलं मिळतीजुळती हवीत. घर संरक्षित भागात असेल तर मात्र हे सगळं विसरायचं. आम्ही तरीही कौन्सिलकडून काम कायदेशीर असल्याचं सर्टिफिकेट काढून घेतलं, कारण विकताना वकील तेच मागतो.

खरा गोंधळ शेजारी झाला, आणि तो आमच्या मूर्खपणानं.

लॉफ्टचे लोखंडी गर्डर दोन घरांच्या मधल्या भिंतीत टेकवायचे असतात. त्यासाठी १९९६च्या पार्टी वॉल कायद्याप्रमाणे शेजाऱ्याला दोन महिने आधी नोटीस द्यावी लागते. शेजारी एक गुजराती काका-काकू आहेत, तीस वर्षांपासून. कंपनी म्हणाली, आम्ही पाठवतो. त्यांनी छापील, वकिली भाषेतलं चार पानी पत्र थेट काकांच्या दारात टाकलं. चौदा दिवसांत काकांनी उत्तर दिलं नाही, आणि उत्तर न देणं म्हणजे कायद्यानं वाद. मग अशा भिंतीच्या वादांसाठीचा वेगळा सर्व्हेयर आला, त्यानं दोन्ही बाजूंच्या भिंतींचे फोटो काढले, करार केला. बिल ११०० पौंड, अर्थात आमच्या माथी. नंतर काका कुंपणापाशी भेटले तेव्हा म्हणाले, "बेन, पहले घर आके बताती तो मैं वहीं साइन कर देता." मी काय बोलणार? दिवाळीला चिवडा घेऊन जाणारी मी, भिंतीला भोक पाडायच्या वेळी पोस्टानं पत्र पाठवते.

काम मार्च २०२३ला सुरू झालं. पहिले पाच आठवडे सगळी वर्दळ बाहेरच्या स्कॅफोल्डिंगवरून, घरात धूळ नाही. मला वाटलं लोक उगाच घाबरवतात. मग एका सोमवारी लँडिंगचं छत फोडलं, आणि नव्वद वर्षांची काजळी आमच्या घरात उतरली. मसाल्याच्या डब्यातसुद्धा. एकदा रात्रीच्या वाऱ्यात ताडपत्री सुटली, बॉक्स रूमच्या छतातून पाणी आलं आणि लेकीची भूगोलाची वही गेली. फोरमन सकाळी सातला दारात हजर. माफी मागितली, छत बदललं, रंग दिला, बिल लावलं नाही. वही काही त्याला भरून देता आली नाही.

कुणीही आधी सांगत नाही ती गोष्ट म्हणजे पाण्याची टाकी. जुन्या घरांत ती लॉफ्टमध्येच असते. खोली करायची तर टाकी जाणार, मग गरम पाण्याचं सिलिंडर जाणार, मग बॉयलर बदलणार. २९०० पौंड. कोटेशनमध्ये याबद्दल "ग्राहकाची जबाबदारी" एवढे दोनच शब्द होते. उष्णतेचं मात्र आम्हीच आधी ठरवलं होतं. १९ जुलै २०२२ला हीथ्रोला पारा चाळिसावर गेला, तो दिवस आम्ही खालच्या खोलीत फरशीवर झोपून काढला होता. म्हणून उतारावरच्या खिडक्यांना बाहेरून पडदे लावून घेतले. आतले पडदे दिसतात छान, पण ऊन तोवर काचेतून आत आलेलं असतं.

आता त्या दाराकडे येते.

तळमजला धरून तिसऱ्या मजल्यावर माणूस झोपणार म्हटल्यावर आग लागली तर तो खाली कसा येणार, हा नियमांचा मुख्य मुद्दा. जिन्यापासून पुढच्या दारापर्यंतची वाट सुरक्षित हवी. त्या वाटेवर उघडणाऱ्या प्रत्येक राहत्या खोलीला आग थोपवणारं दार, आणि मजल्यामजल्यावर विजेवर चालणारे, एकमेकांना जोडलेले धुराचे अलार्म. कंपनीनं बेडरूमना आणि बैठकीला दारं लावली. आमच्या किचनला मात्र दारच नव्हतं. आधीच्या मालकानं चौकट काढून ते हॉलला मोकळं केलेलं, आणि आग लागायची सर्वांत जास्त शक्यता तिथंच. बांधकाम नियमांप्रमाणे झालंय का ते तपासणारा बिल्डिंग कंट्रोलचा इन्स्पेक्टर ऑक्टोबरमध्ये शेवटची पाहणी करायला आला. त्यानं एकदा किचनकडे बघितलं, एकदा जिन्याकडे, आणि काम नियमांप्रमाणे पुरं झाल्याचं कंप्लीशन सर्टिफिकेट न देता निघून गेला.

कंपनी म्हणाली, कोटेशनमध्ये असलेल्या सगळ्या खोल्यांना आम्ही दारं लावली, जिथं दारच नव्हतं ते आमच्याकडे नाही. मी म्हटलं, नियमांप्रमाणे लॉफ्ट करून द्यायचं लिहिलंय, दार मोजत बसायचं माझं काम नाही. शेवटचे पाच टक्के, म्हणजे ३४०० पौंड, मी अडवून ठेवले. त्यांनी ईमेल, मी ईमेल. असे अडीच महिने.

त्यातच आमच्या मॉर्गेजचा, म्हणजे गृहकर्जाचा, ठरावीक मुदतीचा जुना दर संपत आला. बँक ऑफ इंग्लंडचा दर ऑगस्ट २०२३पासून सव्वापाच टक्क्यांवर बसलेला, म्हणून नवीन दरासाठी जानेवारीत घराचं मूल्यांकन मागवलं. तो सर्व्हेयर म्हणजे सुरुवातीचा चार मिनिटांचा माणूस. त्यानं लिहिलं, तीन बेडरूम आणि वर एक "लॉफ्ट रूम", किंमत साडेसहा लाख. काम सुरू करण्याआधी याच बँकेनं घर सहा लाख दहा हजारांना धरलं होतं. सर्टिफिकेट नाही म्हणून आमच्या नव्या बेडरूमला बेडरूम म्हणायला तो तयार नव्हता. कागद नसला की माणूस झोपतो ती खोलीही माळाच ठरते.

आमचं कर्ज चार लाख पाच हजार. साडेसहा लाखांवर ते ६२.३ टक्के होतं. बँकेचा चांगला दर ६० टक्क्यांच्या आत असलेल्यांना. आम्ही एका दाराच्या फरकानं बाहेर.

शेवटी कंपनी निम्म्या खर्चाला तयार झाली. चौकट आणि दार धरून माझ्या वाट्याला आलेली रक्कम मी भांडून वसूल केल्यासारखी मिरवत नाही, कारण तीही मला द्यायची नव्हती. (नवरा म्हणतो अडीच महिन्यांत मी त्याहून जास्तीचा चहा प्यायला. असो.) दार बसलं, इन्स्पेक्टर आला, सर्टिफिकेट मिळालं. फेरमूल्यांकन मागितलं, तेव्हा सहा लाख पंच्याऐंशी हजार. कर्ज ५९.१ टक्क्यांवर आलं.

आणि खरं सांगू? ते दार आता मला आवडतं. आधी मिरचीची फोडणी दिली की हॉलमधले सगळ्यांचे कोट खोकायचे. आता ऑफिसात माझ्या स्कार्फला हिंगाचा वास येत नाही.

तर खर्चाचं मांडते, त्या दाराचं सोडून. काम ६८,०००. नकाशे आणि इंजिनियरची गणितं २४००. पार्टी वॉल ११००. बिल्डिंग कंट्रोल आणि कौन्सिलची फी ९००. बॉयलर २९००. कार्पेट, रंग, कपाटं ३७००. एकूण ७९ हजार. बँकेच्या हिशेबानं किंमत वाढली ७५ हजार. म्हणजे चार हजारांचा तोटा, आणि व्याज वेगळंच. ब्रोशरमधले वीस टक्के आमच्याकडे सव्वाबारा टक्के झाले. गंमत म्हणून एका एस्टेट एजंटला बोलावलं, तो म्हणाला सव्वासात लाख सहज येतील. त्याला आमचं घर विकायला हवं आहे आणि बँकेला कर्ज बुडायला नको आहे, हे धरूनच दोन्ही आकडे वाचायचे.

सर्व्हेयरला नंतर फोन करून विचारलं, कमी का? त्यानं छान समजावून सांगितलं. एक, त्याचा लेझर दीड मीटरवर धरलेला होता, आणि उताराखालची त्याहून बुटकी जागा क्षेत्रफळात मोजत नाहीत. ब्रोशरमधले ३२ चौरस मीटर त्याच्या कागदावर २६ भरले. दोन, आमच्या रस्त्यावर चार बेडरूमचं कुठलंच घर तोवर सात लाखांपुढं गेलेलं नव्हतं, आणि शेजारच्या घरांना सोडून एकटं आपलं घर फार वर उडी मारत नाही. तीन, बाजूचा उतार गेल्यानं जोडघर लंगडं दिसतं. आमची बाजू चौकोनी, काकांची उतरती.

गिरगावात मामाच्या चाळीतल्या खोलीला पोटमाळा होता. शिडीनं चढायचं, ताठ बसायचं नाही, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही पाच भावंडं तिथं झोपायचो. पागडीच्या आकड्यात तो कुणी मोजत होतं की नाही कोण जाणे. इथं मी दीड मीटरच्या रेघेखाली गाद्यांचं कपाट केलंय. सासूबाई आमच्या जुन्या खोलीत, आम्ही वर, लेकीला मधली मोठी खोली आणि बॉक्स रूममध्ये माझा ऑफिसचा टेबल. घर बदललं असतं तर २३,७५० नुसत्या ड्यूटीत गेले असते आणि हातात काहीच आलं नसतं. चार हजारांच्या तोट्याला मी त्याच्याशेजारी ठेवून बघते. दोन वर्षांत विकून निघणाऱ्यांनी मात्र लॉफ्टच्या भानगडीत पडू नये, निदान आमच्यासारख्या रस्त्यावर.

आणखी एक, कारण हे हमखास विचारतात. कौन्सिल टॅक्सचा, म्हणजे इथल्या घरपट्टीचा, बँड लॉफ्ट केला म्हणून लगेच वाढत नाही. घर विकलं जाईल तेव्हा पुन्हा तपासतात, आणि तो बोजा नव्या मालकावर.

कंपनीला पुन्हा काम देईन का? फोरमन आणि जिनेवाला तेच असतील तर हो. सेल्समनला दारातूनच परत पाठवेन. कोटेशनवर सही करायच्या आधी तीन गोष्टी लिहून घेईन: बॉक्स रूमचं उरलेलं माप, बॉयलर कुणाचा, आणि सर्टिफिकेट हातात आल्याशिवाय शेवटचा हप्ता नाही.

गेल्या रविवारी काका वर लॉफ्ट बघायला आले. जिना चढताना कठड्यावरून हात फिरवला, खिडकीशी उभं राहून चर्चचा सुळका बघितला, आणि मग विचारलं, जिनेवाल्याचा नंबर आहे का. त्यांचा मुलगा-सून परत राहायला येताहेत. त्यांनीही बाजूची भिंत उचलली की घर दोन्हीकडून सारखं दिसेल, म्हणजे सर्व्हेयरचा तिसरा मुद्दा काकांच्या पैशानं निकालात निघेल. नंबर लगेच दिला. आता नोटीस त्यांनी आम्हाला द्यायची आहे. मी सांगून ठेवलंय, काका, पोस्टानं पाठवू नका, हातात घेऊन या, आणि सोबत काकूंच्या हातचा हांडवो. तिथंच सही करते.